एकच प्रत

ज्या माणसाने एकतीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत काढली, त्याला कुठलाही कागद उघडा पडलेला बघवत नाही. मी रोह्याहून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो, आणि लॅमिनेट केला नाही असा एकही कागद आमच्या घरात नाही. सातबारा, रेशनकार्ड, मुलीची दहावीची मार्कशीट, फार काय, वैशालीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, वहीच्या पानावर लिहिलेली लिंबाच्या लोणच्याची कृतीसुद्धा. प्लॅस्टिकच्या आत गेलेला कागद अमर होतो अशी माझी श्रद्धा होती. ती श्रद्धा अकरा वर्षांपूर्वी गेली, आणि जाताना माझा एकुलता एक मित्र घेऊन गेली.

तो मित्र म्हणजे हमरापूरचा रघू. पेणच्या शाळेत आम्ही एका बाकावर. मी कचेरीत चिकटलो आणि तो वडिलांच्या गणपतीच्या कारखान्यात. हमरापुरात घरटी कोणी ना कोणी मूर्तीला हात लावतंच, पण डोळे आखणारे मोजके. रघू डोळे आखतो. त्याने आखलेला डोळा खोलीत कुठेही उभं राहा, आपल्याकडेच बघतो. लाच खाणाऱ्या माणसाने त्याच्याकडचा गणपती घरी नेऊ नये.

रघूचं लग्न एकोणनव्वदच्या मे महिन्यात झालं. फोटोवाला नागोठण्याचा होता. धुतो धुतो म्हणत त्याने रीळ दुकानात ठेवलं, आणि जुलैत अंबा नदी थेट त्याच्या दुकानात शिरली. लग्नाचे छत्तीसच्या छत्तीस फोटो पाण्यात गेले. वाचला तो फक्त एक, माझा. माझा मामेभाऊ कुवेतला होता, त्याने मला पोलरॉइड कॅमेरा आणून दिला होता. बटण दाबलं की घर्रर्र आवाज करून पोटातून फोटो बाहेर टाकणारा. मांडवात मी बटण दाबलं, फोटो आला, अर्धं गाव माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागलं. आधी नुसतं धुकं. मग मुंडावळ्या दिसल्या, मग रघूच्या मिश्या, मग सगुणावहिनी. वहिनींचे डोळे मिटलेले होते, पण तेवढं चालायचंच. रघूची आजी म्हणाली, "पोराने डब्यात भूत ठेवलाय," आणि तिने माझ्यावरून मीठ उतरून टाकलं.

आता या असल्या फोटोला निगेटिव्ह नसते. आला तो आला, दुसरी प्रत नाही. ज्या माणसाने जन्मात कोणाचा अर्ज तीन प्रतींशिवाय घेतला नाही, त्याच्या हातून झालेलं एकमेव चांगलं काम एकाच प्रतीत होतं.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मी तो फोटो रघूकडून मागून घेतला. एक कोपरा पिवळा पडायला लागला होता. म्हटलं, लॅमिनेट करून देतो, काळजी सोड. रोह्याचा झेरॉक्सवाला म्हणाला, "साहेब, हा जाड आहे, गरम मशीनला चालेल का?" मी म्हटलं, "घाल." त्या एका शब्दाचा मला पुढे फार पश्चात्ताप झाला. मशीनमध्ये रघू-सगुणा गेले आणि पलीकडून एक काळा चौकोन आला. लॅमिनेशन मात्र नंबर एक. चारही कोपरे गोल कापलेले, कुठे बुडबुडा नाही. फक्त आत काही नाही.

तो चौकोन मी हमरापूरला नेऊन दिला. रघूने सुलटा बघितला, उलटा बघितला, आणि म्हणाला, "असू दे."

बस, एवढंच. आईमाईवरून शिव्या घातल्या असत्या तर मी चहा पिऊन घरी आलो असतो. पण 'असू दे' म्हणणाऱ्या माणसापुढे तुम्ही करणार काय? मी त्यानंतर हमरापूरला गेलो नाही. तोही आला नाही. निवृत्त झाल्यावर रामवाडीत फ्लॅट घेतला, तिथून हमरापूर रिक्षाने पंधरा मिनिटं, तरी गेलो नाही. आमचा गणपतीसुद्धा मी पेणच्या बाजारातून आणायला लागलो, आणि तो माझ्याकडे बघायचा नाही, भिंतीकडे बघायचा.

तर या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या सुरभीचा पुण्याहून फोन आला. "बाबा, तुमचा तो जुना कॅमेरा टाकून तर नाही ना दिला? त्याची फिल्म परत मिळायला लागलीये. आमच्या ऑफिसातली पोरं वेडी झालीत."

मी म्हटलं, "त्यांच्या फोनात कॅमेरे नाहीत का?"

"फोनात वीस-वीस हजार फोटो आहेत, बाबा. कोणी बघत नाही. हा एक फोटो येतो आणि सगळे त्याच्याभोवती डोकं घालून बसतात, कधी दिसतोय म्हणून."

मला एकदम तो मांडव आठवला. खांद्यावर टेकलेल्या हनुवट्या आठवल्या. दोन टिपं काढावीत असं वाटलं, पण फोनवर मुलीसमोर असं काही करायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. मी म्हटलं, "मागव."

"एका पाकिटात आठच असतात हं."

"मला एकच हवाय," मी म्हटलं. हे माझं वाक्य जरा लक्षात ठेवा.

बेत साधा होता. अठरा मेला रघूच्या लग्नाचा वाढदिवस. त्या दिवशी जायचं, दोघांना शेजारी उभं करायचं, फोटो काढायचा, त्याच्या हातात द्यायचा आणि त्या 'असू दे'मधून अकरा वर्षांनी सुटायचं.

पार्सल रोह्याला गेलं. सुरभीच्या फोनात माझा पत्ता अजून रोह्याच्या क्वार्टरचाच होता. कुरिअरच्या ऑफिसात मृणाली नावाची एक मुलगी बसली होती. तिने माझं आधार कार्ड बघितलं (लॅमिनेटेड) आणि म्हणाली, "काका, पार्सल रोह्याचं आहे, तुमचा पत्ता पेणचा. रोह्यात राहता असा पुरावा आणा."

"मी रोह्यात राहत नाही."

"मग हे पार्सल तुमचं कसं?"

मी कार्ड परत खिशात ठेवलं. आणि खरं सांगतो, मला तिचा अभिमान वाटला. इतकी वर्षं मी लोकांना नेमकं हेच विचारत आलो होतो, पण इतक्या शांतपणे मला कधी जमलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "एक अर्ज द्या, तीन प्रतींत." मी तिथेच उभ्याने अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून, सगळं यथास्थित. तो वाचून तिने पार्सल तर दिलंच, वर अर्जाचा फोनवर फोटो काढून घेतला. "नमुना म्हणून लावते इथे," म्हणाली. त्या दिवशी मी छाती काढून रोहा स्टँडवर आलो.

छाती स्टँडवरच खाली बसली, कारण सुरभीने बजावलं होतं की फिल्म गरम होऊ देऊ नका, आणि मे महिन्यात आमच्याकडे ऊन म्हणजे विचारू नका. एसटीत शेजारी हौसा नावाची कोळीण होती, पायाशी मासळीची पाटी. माझा जीव वरखाली होताना बघून तिने विचारलं, "काय हाय त्यात? औषध?" मी म्हटलं, "तसंच समजा." "मग दे हिकडं. माझा बरफ हाय." अशा रीतीने माझी फिल्म नागोठणेमार्गे पेणला मांदेलीच्या शेजारी बर्फात बसून आली. वैशालीने ती फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवली आणि पुढचे चार दिवस आमच्या कोथिंबिरीला मांदेलीचा वास येत होता.

फिल्म आल्याची बातमी इमारतीत पसरायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. तळमजल्यावर काळुराम राहतो. नागोठण्याकडच्या कंपनीत त्याने तीस वर्षं शिफ्ट केली. तिथे तो नेमकं काय करायचा हे कोणाला माहीत नाही, पण जगातल्या कुठल्याही वस्तूत केमिकल आहे असं कळलं की तो आपला हक्क सांगायला येतो. समोरच्या दारात काशीबाई. पेणच्या पोह्याच्या पापडांना नाव आहे, आणि त्यात काशीबाईंच्या हाताला आहे. आमच्या गच्चीवर जानेवारी ते मे कोणालाही पाय टाकायला मिळत नाही, सगळीकडे त्यांचे पापड.

फिल्मच्या पाकिटात बारीक अक्षरांचं एक माहितीपत्रक होतं. ते मी ताबडतोब पंच करून फाइलला लावलं. एकदा कागद फाइलला लागला की तो वाचायचा नसतो, ही सवय जाता जात नाही.

फिल्म आत सारली, झाकण लावलं, आणि घर्रर्र करून कॅमेऱ्याने आपणहून एक काळा चौकोन बाहेर टाकला. मी बटण दाबलंच नव्हतं. "थांबा," काळुराम म्हणाला, "हात लावू नका. रिअ‍ॅक्शन चालूय." आम्ही तिघं-चौघं टेबलाभोवती बसलो. दहा मिनिटं झाली. काळुरामला त्यात एक कान दिसला. वैशालीला काहीच दिसेना. पंचवीस मिनिटांनी सुरभीला फोन लावला, तेव्हा ती हसून हसून बोलेचना. तो फिल्मवरचा झाकणाचा पुठ्ठा होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. गोल कोपरे नव्हते, एवढाच काय तो फरक.

मग म्हटलं, एक फोटो सरावाचा. वैशालीला गॅलरीत उभं केलं, बटण दाबलं. फोटो आला, पांढरा, हाताला गार. काशीबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, बोटाने दाबून बघितला आणि म्हणाल्या, "ओला हाय हो भाऊ." आणि मी हूं का चूं करायच्या आत गच्चीवर जाऊन त्यांनी तो पापडांच्या ओळीत, पांढऱ्या धोतरावर, भर उन्हात वाळत घातला. वर कावळ्याने नेऊ नये म्हणून चारी कोपऱ्यांना खडे. अर्ध्या तासाने परतला सुद्धा. त्यांच्या हातून कुठलीच गोष्ट अर्धवट वाळत नाही. वैशाली त्या फोटोत होती असं नंतर कोणालाही शपथेवर सांगता आलं नसतं.

दुसरा फोटो काळुरामने घालवला. केमिकल कुठल्या जातीचं आहे ते बघायला त्याने झाकणच उघडलं. उजेड लागून वरचा फोटो जागच्या जागी मेला. "बघा, म्हटलं नव्हतं, सेन्सिटिव्ह असतं," असं तो वर मलाच म्हणाला.

तिसऱ्याला मी स्वतः जबाबदार आहे. काशीबाईंच्या बचत गटाचा फॉर्म भरायचा होता, त्यावर फोटो हवा होता. फॉर्म म्हटलं की माझा नाइलाज होतो. फोटो काढला, या खेपेला सुरभीला विचारून वहीत घालून ठेवला, आणि काशीबाई छान उमटल्या. पण फॉर्मवरची चौकट लहान. काशीबाईंनी कात्री घेतली. पहिल्या कापाबरोबर फोटोच्या पोटातून पांढरट लगदा बाहेर आला आणि फॉर्मवर पसरला. काशीबाईंनी कात्री टाकली आणि हात जोडले. "भाऊ, ह्याच्यात जीव हाय," म्हणाल्या. त्यांनी मग तो फोटो कापला नाही, देव्हाऱ्याच्या मागे ठेवलाय.

चौथा मात्र साधला. पहिला पापडात गेला म्हणून वैशाली रुसली होती. तिला घरातच खिडकीपाशी उभं केलं. म्हटलं, हस. ती म्हणाली, "सांगून हसू येतं का? पस्तीस वर्षांत कधी सांगितलं होतं?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली. नेमकं तेव्हाच माझं बोट दाबलं गेलं. आम्ही दोघं पलंगावर बसून, वहीचं पान वर करून करून बघत होतो. तिचं हसू आधी आलं आणि बाकीची ती मागाहून आली. मला पोरकटासारखं भरून आलं. सुरभीला पाठवायला म्हणून मी फोन काढला तर वैशालीने फोटो लुगड्यांच्या कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. "एकच आहे ना? मग माझा," म्हणाली. अजून तिने तो मला परत दाखवलेला नाही.

अठरा मे उजाडला तेव्हा चार फोटो शिल्लक होते. मला एकच हवा होता, म्हणजे तीन जादाच. असा हिशेब मी मनाशी केला आणि तिथेच चुकलो.

काशीबाईंना हमरापुरात पापड पोचवायचे होते, त्या रिक्षात आल्या. त्यांची पिशवी माझ्या मांडीवर, तिच्याखाली कॅमेरा. हायवे ओलांडताना खड्डा आला, पापड दाबले गेले, पापडांनी बटण दाबलं. घर्रर्र. पाचवा फोटो माझ्या डाव्या चपलेचा आहे. अतिशय स्पष्ट, अगदी तुटलेला अंगठासुद्धा दिसतो.

हमरापूर जवळ आलं. रिक्षावाल्याला म्हटलं, जरा पुढे घे. मग म्हटलं, जरा मागे घे. काशीबाई म्हणाल्या, "भाऊ, गावात शिरायचं का गावाला प्रदक्षिणा घालायची?" तेव्हा उतरलो, त्याही पिशवी घेऊन मागोमाग आल्या.

कारखान्यात पांढऱ्या गणपतींच्या रांगाच रांगा. दारात सगुणावहिनी. केस पांढरे झालेले, बाकी तशाच. मला बघून त्यांनी तोंडावर पदर धरला, आणि मी बोलणार तोच ओठांवर बोट ठेवलं. "भावजी, या. पण बोलू नका. डोळा चाललाय."

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डोळा आखताना रघू श्वास रोखून धरतो. बाहुलीची कड एका दमात फिरली पाहिजे, मध्ये कोणी खोकलं तरी देव तिरळा व्हायचा. तो पाटावर बसला होता, माझ्याकडे पाठ. समोर सात मूर्ती ओळीने. मी उपड्या बादलीवर बसलो. आता अडचण अशी, की हा माणूस माझ्याशी बोलत नाही तो राग म्हणून की डोळा म्हणून, हे कळायला मार्गच नव्हता. एक डोळा झाला की तो श्वास सोडायचा, मला वाटायचं, आता वळेल. पण नाही. लगेच दुसरा डोळा. सात गणपती, चौदा डोळे. कचेरीबाहेर बाकावर बसलेली माणसं मला आठवली. मीही मान वर न करता लिहीतच राहायचो. तेव्हा त्यांना काय वाटत असेल ते मला निवृत्तीनंतर हमरापुरात कळलं.

सातव्या गणपतीचा डावा डोळा झाला. रघूने ब्रश पाण्यात बुडवला आणि मागे न बघता म्हणाला, "दिन्या, चपला बाहेर काढ. देव हायत."

मी चपला बाहेर काढल्या. परत आलो आणि रिक्षात पाठ केलेलं भाषण सुरू केलं. घडल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर असून वगैरे. रघूने ऐकून घेतलं. मग ब्रशाच्या दांड्याने भिंतीकडे दाखवलं. तिथे खिळ्याला माझा काळा चौकोन टांगलेला होता, गोल कोपऱ्यांचा, पुसून लखलखीत केलेला.

"लॅमिनेशन एक नंबर झालाय," रघू म्हणाला. "अकरा पावसाळे गेले, पाणी शिरला नाय. गिऱ्हाईक विचारतात ह्यो काय. मी सांगतो, आमचा लगीन. दिसत नाय, पण आत हाय."

तो चेष्टा करत होता की काय, मला कळेना. मी घाईघाईने कॅमेरा काढला. सहावा आणि सातवा फोटो कसे गेले हे माझ्या प्रतिष्ठेला शोभणारं नाही, तरी सांगतो. सहाव्याला मी दोघांना दारात उभं केलं, भर उन्हात, आणि आलेला फोटो आनंदाच्या भरात उंच धरून सगळ्यांना दाखवत राहिलो, तो तसाच पांढरा राहिला. सातव्याला मी कॅमेरा दोन्ही हातांनी इतका आवळून धरला की बोट भिंगावरच होतं. फोटोत फक्त माझं बोट आहे. कॅमेऱ्यावरचा आकडा एक झाला.

एकदा यांचा फोटो जाळला, आता पुन्हा येऊन त्यांना उन्हात उभं करून काय दिलं, तर बोट. मी म्हटलं, "रघू, मला काही जमत नाही. उजेड लागला की जातो हा. आल्याबरोबर झाकावा लागतो."

"मग झाकायचा," सगुणावहिनी म्हणाल्या, जसं काही मी चहात साखर घालतात असं सांगत होतो. "देवाला नेताना तोंड झाकून न्येतात, तसा. घरात बसला की मगच काढायचा." आणि त्यांनी फळीवरून तांबडं वस्त्र आणलं, नवं कोरं, गणपतीच्या तोंडावर टाकतात ते. मी फाइलला लावलेल्या माहितीपत्रकात नेमकं हेच लिहिलं होतं, हे मला पुढे कळलं.

मी कॅमेरा उचलला तर रघू म्हणाला, "तू हिकडं ये."

"मग बटण कोण दाबेल?"

"कोण पण दाबेल. लग्नात तू होतास, फोटोत नव्हतास. बटणच दाबत होतास."

कोण पण म्हणजे काशीबाई. ज्या बाईने माझी बायको उन्हात वाळत घातली होती तिच्या हातात शेवटचा फोटो द्यायचा म्हणजे मला कॅमेरा सोडवेना. पण काशीबाईंनी पदर खोचला, कॅमेऱ्याला नमस्कार केला, आणि आम्ही हलायच्या आत दाबलं. घर्रर्र. वहिनींनी झेप घालून वस्त्र टाकलं, फोटो त्यात गुंडाळला आणि एका रिकाम्या पाटावर नेऊन ठेवला.

"किती वेळ?" रघूने विचारलं.

"पंधरा मिनिटं."

आम्ही पाटासमोर बसलो. पंधरा मिनिटं गप्प बसायची सवय रघूला होती, मला नाही. शेवटी न राहवून मी विचारलंच, "तुला माझा फार राग आला असेल."

"आला होता की."

"साहजिकच आहे. एकुलता एक फोटो."

"फोटोचा दोन दिवस होता," रघू म्हणाला. त्याने वस्त्राची चुणी सारखी केली. "तू आला नायस त्याचा अकरा वर्षं."

मी म्हटलं, "तू असू दे म्हणालास."

"मग काय म्हणू? असू देच होता तो. तू उठून ग्येलास तो काय आला नायस. मी म्हटलं, साहेब माणूस, रोह्याला मोठी खुर्ची, कशाला येईल. रामवाडीत आलास तवा वाटलं, आता येईल. तर तू गणपती बाजारातून न्यायला लागलास."

"तुला कसं कळलं?"

"गावात कळतो. कोणाचा बाप्पा कुठं गेला, सगळा कळतो."

मी रडलो. उगाच लपवण्यात अर्थ नाही. सासष्ट वर्षांचा निवृत्त हेडक्लार्क, सात गणपती टक लावून बघत असताना, बादलीवर बसून रडला. काशीबाईंनी मला पिशवीतला पापड काढून दिला. दुसरं त्यांच्याजवळ काही नव्हतं.

वहिनींनी वस्त्र काढलं. चार डोकी एकत्र आली, कोणाची तरी हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली. फोटो शेंदरी रंगावर गेला होता, मे महिना होता त्याला कोण काय करणार. मध्ये रघू, हसू दाबलेला. शेजारी वहिनी, डोळे मिटलेले. आणि मी मानेपासून वरचा नव्हतोच. माझं पोट होतं, शर्टाचा खिसा होता, खिशात पेन होतं आणि माझा हात रघूच्या खांद्यावर होता.

"शिरच नाय आला भावजींचा," वहिनी म्हणाल्या.

"पण भाऊच हायत," काशीबाई म्हणाल्या, "प्याट बघा की."

मी म्हटलं, "रघू, तुझ्याकडे बारीक ब्रश आहे. वहिनींचे डोळे तेवढे उघडून दे."

रघूने फोटो जवळ धरला, लांब धरला. "जलमभर डोळेच उघडतोय," म्हणाला. "हे राहू देत. तवा पण मिटलेलेच होते."

आणि मग, देवाशप्पथ, माझ्या मनात काही नव्हतं, पण हात आपोआप पुढे गेला. मी म्हटलं, "दे इकडे, मी एक प्रत..." तीन हात एकदम आडवे आले.

"दिन्या," रघू म्हणाला, "हा कुठं जायचा नाय. झेरॉक्स नाय, फोन नाय, प्लॅस्टिक नाय. हिथं खिळ्याला राहील. बघायचा झाला तर यायचा."

त्याने दुसरा खिळा ठोकला आणि काळ्या चौकोनाशेजारी तो टांगला.

तेव्हापासून दर गुरुवारी मी तो फोटो बघायला हमरापूरला जातो. फोटो बघायला दोन मिनिटं लागतात, पण घरी यायला संध्याकाळ होते. वैशाली म्हणते, असं काय आहे हो त्या फोटोत, तुमचं तर डोकंसुद्धा नाही. या वर्षी आमचा गणपती रघूकडून आला. रिक्षात तोंड झाकून आणला. घरात वस्त्र काढलं तर थेट माझ्याकडे बघत होता.

परवा गेलो तेव्हा नीट निरखून बघितलं. फोटोचा खालचा कोपरा जरा पिवळा पडायला लागलाय. मी रघूला काही बोललो नाही. दोन्ही हात मागे बांधले, चहा घेतला आणि पुढच्या गुरुवारी येतो म्हणून निघालो.